पंधरा मिलिग्रॅमची पायरी

१९ जानेवारी २०२२ या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर माझ्या यजमानांनी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ४० मिलिग्रॅमची पहिली मात्रा घेतली आणि त्याच संध्याकाळी, जवळजवळ चार महिन्यांनंतर पहिल्यांदा, त्यांना ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कानाची लाली उतरलेली दिसली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पिशवी घेऊन मंडईत गेले, मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले आणि ज्वारीची भाकरी कर म्हणाले. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेली मी त्या क्षणी असे धरून चालले होते की ज्या औषधाने आजार इतका झटकन हटला, त्या औषधाने आजार ओळखलाही आणि बराही केला.

यातली पहिली समजूत अर्धवट होती आणि दुसरी चुकीची होती, हे कळायला पुढे बावीस महिने गेले. त्या काळात मी एका एकरेघी वहीत रोजची मात्रा, रोजचा ताप आणि कानाची स्थिती लिहीत गेले. स्टेरॉइडला मिळालेला प्रतिसाद कसा वाचायचा, हे मला त्या वहीने शिकवले, म्हणून हा सगळा प्रवास सविस्तर मांडावासा वाटतो.

सुरुवात सप्टेंबर २०२१ मधली. यजमान तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, रोज पहाटे चार किलोमीटर चालणारे. एके सकाळी त्यांचा डावा कान लालभडक होऊन सुजला आणि उशीवर टेकवेना. कानाला जंतुसंसर्ग झाला असे समजून प्रतिजैविके सुरू झाली. सूज आठ-दहा दिवसांनी गेली, मग उजव्या कानाला आली. कानाची पाळी मात्र दोन्ही वेळा अगदी स्वच्छ, मऊ आणि दुखण्यापासून मुक्त राहिली होती. हे मी पाहिले होते, परंतु त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कानाच्या पाळीत कूर्चा नसते. कान ज्या लवचीक मऊ हाडामुळे ताठ राहतो ते हाड पाळीच्या वर संपते. सूज पाळी सोडून बाकीच्या कानाला येते तेव्हा ती त्वचेपेक्षा कूर्चेची असण्याची शक्यता जास्त असते. मग रोज संध्याकाळी १०१ अंशांपर्यंत ताप येऊ लागला, मांड्यांवर दुखऱ्या लाल गाठी उठू लागल्या आणि तीन महिन्यांत वजन नऊ किलोंनी उतरले.

रक्ताच्या अहवालांत हिमोग्लोबिन ८.९ होते, शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी ९६ होते आणि लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे ज्याला अहवालात एमसीव्ही म्हणतात तो आकडा, १०९ होता. तो साधारण १०० च्या आत असायला हवा. आमचे घर शाकाहारी असल्यामुळे ब-१२ ची कमतरता गृहीत धरली गेली आणि इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स झाला. ब-१२ ची पातळी आधीही कमी नव्हती, नंतर तर ती भरपूर वाढली, पण १०९ चे १०९ च राहिले. महाराष्ट्रात वयस्कर माणसाच्या मोठ्या लाल पेशी दिसल्या की ब-१२ कडे बोट जाणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण कोर्स संपूनही आकडा हलत नसेल तर तो पुन्हा कोणीतरी हातात घ्यायला हवा असतो. आमच्या बाबतीत तो प्रत्येक अहवालात छापला जात राहिला आणि प्रत्येक वेळी नजर त्यावरून पुढे गेली. त्यात माझीही नजर होती.

क्षयाची शंका आली, एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधे, सुरू करण्यापर्यंत गोष्ट गेली. छातीचा सीटी स्कॅन आणि थुंकीची तपासणी निर्दोष निघाल्यामुळे ती टळली. शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी कान पाहताच 'रिलॅप्सिंग पॉलीकॉन्ड्रायटिस' असे निदान केले. कूर्चेचा वारंवार उफाळणारा दाह, असा त्याचा अर्थ. हे निदान खोटे नव्हते. जे दिसत होते त्याचे ते अचूक नाव होते. त्या दिसण्यामागे रक्ताचा आजार उभा आहे, हे तेव्हा कोणालाच कळलेले नव्हते.

स्टेरॉइडचे नाव काढताच घरात विरोध झाला. आमच्या गावाने २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट आणि तिच्या मागोमाग आलेला म्युकरमायकोसिस पाहिला होता. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचा डोळा त्या काळ्या बुरशीने गेला होता, आणि अनियंत्रित साखरेत बेसुमार स्टेरॉइड दिल्याने असे होते, हे वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचले होते. दुसऱ्या टोकाला, याच स्टेरॉइडची भुकटी मिसळलेल्या 'गुडघेदुखीच्या पुड्या' वर्षानुवर्षे विश्वासाने खाणारी माणसेही आमच्या ओळखीत होती. भीती आणि आंधळा भरवसा या दोन्हींच्या मधून वाट काढायची होती. संधिवाततज्ज्ञांनी घाई केली नाही. सुप्त क्षयासाठी तपासणी केली, कावीळ-बी पाहिली, साखर पाहिली आणि जंताचे औषध दिले. हे शेवटचे मला विचित्र वाटले होते, पण त्याचे कारण फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे मातीतून शरीरात येणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक कृमी वर्षानुवर्षे आतड्यात गुपचूप राहतो, आणि मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की तो शरीरभर पसरून प्राणावर बेतू शकते.

त्यानंतर वर लिहिलेला तो चमत्कार घडला. चमत्कार हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण वैद्यकाच्या इतिहासातही तो असाच घडलेला आहे. अमेरिकेत मिनेसोटातील रॉचेस्टर या गावी मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी २१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने जखडलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडचे पहिले इंजेक्शन दिले. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथींमधून वेगळे केलेले ते द्रव्य तोवर 'संयुग ई' या नावाने ओळखले जाई. जिला अंथरुणात कूस बदलणे कठीण होते ती बाई काही दिवसांत चालू लागली आणि आठवडाभरात बाजारात खरेदीला गेली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच सुरुवातीच्या काळात आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. औषध थांबवले की दुखणे परत येते आणि औषध चालू ठेवले तर शरीर त्याची किंमत वसूल करते. आमच्या घरात जानेवारी ते मार्च २०२२ या तीन महिन्यांत हा इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडला, म्हणून ती बाजाराला गेलेली बाई आणि मेथी घेऊन आलेले आमचे हे, यांची मला नेहमी एकत्रच आठवण येते.

स्टेरॉइडचा प्रतिसाद इतका जलद का असतो, हे समजून घेतले की त्याच्या मर्यादाही कळतात. प्रेडनिसोलोन पेशीत शिरते, तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटते, आणि ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन दाह पेटवणाऱ्या अनेक जनुकांचा आवाज बंद करते. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ यांसारखे जे रासायनिक निरोप तापाला, सुजेला आणि सीआरपीला चढवतात, त्यांचे उत्पादनच थांबते. दाह कोणत्या कारणाने पेटला आहे याच्याशी या औषधाला देणेघेणे नसते. आमवात असो, दमा असो, काही प्रकारचे रक्ताचे कर्करोगही असोत, स्टेरॉइडने आराम पडतो. त्यामुळे 'स्टेरॉइडने बरे वाटले' एवढ्यावरून कोणता आजार आहे हे ठरत नाही. उलट लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची शंका असेल, तर गाठीचा तुकडा तपासण्याआधी दिलेले स्टेरॉइड पुरावाच पुसून टाकू शकते. म्हणूनच रुग्ण तग धरू शकत असेल, तर आधी तपासणी आणि मग गोळी, असा आग्रह तज्ज्ञ धरतात.

आता वहीकडे येते. दोन आठवडे ४० मिलिग्रॅम झाल्यावर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करायचे ठरले होते. २ फेब्रुवारीला ३५, ९ ला ३०, १६ ला २५, २३ ला २०. या सगळ्या पानांवर 'ताप नाही, कान स्वच्छ' असे लिहिलेले आहे. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, २ मार्चला, १५ सुरू केले. ५ मार्चच्या पानावर माझ्या घाईच्या अक्षरात फक्त 'उजवा कान, संध्याकाळी १००.८' एवढेच आहे.

पुन्हा ४० वर जावे लागले. सोबत मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध सुरू झाले आणि या वेळी उतरण अगदी सावकाश ठेवली. २० च्या खाली तर दोन-दोन आठवड्यांनी अर्धी गोळी, म्हणजे २.५ मिलिग्रॅम, कमी केली. १७.५ वर सगळे ठीक होते. १५ वर आलो आणि गणपती बसायच्या आदल्या दिवशी, ३० ऑगस्टला, दोन्ही कान, ताप आणि मांड्यांवरच्या गाठी असे सगळे एकदम परतले. आरतीला हे पलंगावर बसून होते. कोणी म्हणाले पथ्य सांभाळले नसेल, कोणी म्हणाले गोळी चुकली असेल. माझ्याही मनात आले की माझ्याच हातून एखादा दिवस राहिला असेल का, म्हणून मी वही आणि रिकामी पाकिटे घेऊन एकेक गोळी मोजली. एकही चुकलेली नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजार उलटला की घरातली माणसे एकमेकांना दोषी धरू लागतात, आणि या आजारात तसा दोष कोणाचाच नसतो.

त्या वेळी आणखी एक संभ्रम होता. स्टेरॉइड कमी करताना अंग मोडून येणे, गळून जाणे, सांधे दुखणे, हे सगळे केवळ शरीराला औषधाची सवय लागल्यामुळेही होते. बाहेरून महिनोन्महिने हार्मोन मिळत राहिले की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपले कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, बनवण्याचे काम जवळजवळ सोडून देतात आणि ते पुन्हा सुरू करायला त्यांना वेळ लागतो. मग थकवा आला तर तो आजार परतल्यामुळे की औषध उतरल्यामुळे? आमच्या डॉक्टरांनी यासाठी सीआरपीचा आधार घेतला. नुसत्या सवयीच्या थकव्यात सीआरपी चढत नाही आणि कान लाल होत नाही. ३० ऑगस्टनंतरच्या अहवालात सीआरपी ८१ होते. शंकेला जागा उरली नाही.

तिसरी वेळ फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. मात्रा तीच, १५. या वेळी कानाबरोबर डाव्या पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळीही झाली आणि रक्त पातळ करणारे औषध जोडले गेले. तोपर्यंत स्टेरॉइडने आपली किंमत घ्यायला सुरुवात केलेलीच होती. चेहरा गोल झाला, रात्रीची झोप तीन तासांवर आली, शांत स्वभावाचा माणूस क्षुल्लक कारणावरून ओरडू लागला आणि नंतर स्वतःच खंतावून बसू लागला. पाठीच्या एका मणक्याला दाब येऊन बारीक अस्थिभंग झाला. साखरेच्या बाबतीत तर आम्ही दोन महिने फसलो, कारण आम्ही सकाळी उपाशीपोटी तपासणी करत होतो आणि आकडा १०४-१०८ येत होता. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. रात्रीतून ती उतरते आणि सकाळचा आकडा सगळे ठीक असल्याचा भास निर्माण करतो. मुलीने पुण्याहून पाठवलेल्या ग्लुकोमीटरवर एका संध्याकाळी सहा वाजता २८२ दिसले तेव्हा ते ध्यानात आले. ज्यांच्या घरी कोणी दीर्घकाळ हे औषध घेत असेल त्यांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही पुण्यातील एका रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फायलींच्या गठ्ठ्याआधी माझी वही मागून घेतली. पाने उलटत असताना त्यांनी पेन्सिलीने तीन तारखांना गोल केले आणि विचारले, "काकू, तिन्ही वेळा पंधरावरच?" मी हो म्हणाले. मग त्यांनी १०९ या आकड्याला चौथा गोल केला आणि म्हणाल्या, "काकांची बोन मॅरो बघू या. त्याबरोबर एका जनुकाची तपासणीही पाठवते." स्टेरॉइडने आराम पडतो ही माहिती आधीच्या सगळ्यांकडे होती. तो आराम किती मात्रेपर्यंत टिकतो आणि नेमका कुठे मोडतो, ही माहिती मात्र त्या वहीत होती, आणि डॉक्टरबाईंनी तिला तपासणीच्या अहवालाइतकेच महत्त्व दिले.

अस्थिमज्जेच्या अहवालात लिहिले होते की रक्तपेशींच्या पूर्वपेशींमध्ये मोठ्या संख्येने रिक्तिका दिसतात. आठवीच्या वर्गात पेशीची आकृती काढताना हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता आणि मुलांना बजावले होते की वनस्पतिपेशीत रिक्तिका मोठी काढा, प्राणिपेशीत लहान काढा. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर ती पेशी दाखवली. साबणाच्या फेसासारखी पोकळ वर्तुळांनी भरलेली. अशा रिक्तिका शरीरात तांबे कमी पडल्यास किंवा अतिमद्यपानातही दिसतात, म्हणून त्या कारणांचा विचारही झाला. मग नोव्हेंबरात जनुकाचा अहवाल आला. यूबीए-१ या जनुकात बदल सापडला होता आणि आजाराचे नाव होते व्हेक्सास.

या नावाचे वय फार कमी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेव्हिड बेक, पीटर ग्रेसन, डॅनियल कास्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या अखेरीस न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या आजाराचे पहिल्यांदा वर्णन केले. त्यांनी शोधाची नेहमीची दिशा उलटी केली होती. सारखी लक्षणे असलेले रुग्ण गोळा करून कारण शोधण्याऐवजी, निदान न झालेल्या दाहाच्या अडीच हजारांहून अधिक व्यक्तींची जनुकीय माहिती त्यांनी चाळली आणि एकाच जागी समान बदल असलेले आधी तीन, मग एकूण पंचवीस पुरुष शोधून काढले. त्या पंचवीसांपैकी कोणी संधिवाताच्या डॉक्टरांकडे होते, कोणी त्वचेच्या, कोणी रक्ताच्या, आणि प्रत्येकाला वेगवेगळे निदान मिळालेले होते. शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत त्यांतले दहा जण दगावले होते. हे वाचून मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले.

व्हेक्सास ही पाच आद्याक्षरे आहेत: व्हॅक्युओल्स म्हणजे त्या रिक्तिका, ई-१ एन्झाइम, एक्स-लिंक्ड म्हणजे एक्स गुणसूत्राशी जोडलेला, ऑटोइन्फ्लमेटरी म्हणजे शरीराने आपणहून पेटवलेला दाह, आणि सोमॅटिक. शेवटच्या शब्दाने मला सर्वांत मोठा दिलासा दिला. हा बदल जन्मजात नसतो. उतारवयात अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूलपेशीत तो घडतो आणि तिच्या वंशातल्या रक्तपेशींपुरताच राहतो, त्यामुळे आमच्या मुलांना किंवा नातवाला तो वारशाने मिळण्याचा प्रश्न येत नाही. यूबीए-१ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाच्या पेशीत ते गुणसूत्र एकच असल्यामुळे बिघडलेल्या प्रतीची भरपाई करायला दुसरी प्रत नसते, आणि म्हणून रुग्ण बहुतांशी पन्नाशीपुढचे पुरुष असतात. पेशीतली निकामी प्रथिने मोडीत काढण्यासाठी त्यांच्यावर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवावी लागते. त्या कामाची पहिली पायरी हे जनुक सांभाळते. ती पायरी मोडली की निरुपयोगी प्रथिने साचतात आणि पांढऱ्या पेशी कारण नसताना दाहाचा गजर करत राहतात.

मग पंधरा मिलिग्रॅमचे कोडे उलगडले. व्हेक्सासचे रुग्ण मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडला बहुधा चांगला प्रतिसाद देतात, आणि मात्रा साधारण १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास आली की त्यांच्यातल्या पुष्कळांचा आजार परत उफाळतो. मेथोट्रेक्सेटसारखी नेहमीची औषधे ही पायरी ओलांडून द्यायला सहसा पुरी पडत नाहीत. यजमानांनी डॉक्टरांना विचारले की गोळी इतका गुण देते तर आजार जात का नाही. बाई विचार करत होत्या, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेले, "अहो, दूध उतू जायला लागले की आपण पाण्याचा हबका मारतो, ते खाली बसते. पण गॅस चालूच असतो." डॉक्टर म्हणाल्या की नेमके हेच आहे. स्टेरॉइड पेशींचा गजर दाबते. बिघडलेली मूलपेशी मात्र अस्थिमज्जेत तशीच राहून नव्या बिघडलेल्या पेशी घडवत असते.

त्या मूलपेशीवरचा खरा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण. वय, गुठळी आणि मणक्याची स्थिती पाहता आम्ही आणि डॉक्टरांनी मिळून तो मार्ग सध्या बाजूला ठेवला. रुक्सोलिटिनिब आणि टोसिलिझुमॅब या दाह आवरणाऱ्या औषधांचे पर्याय समोर होते. टोसिलिझुमॅबचे नाव ऐकताच २०२१ मध्ये त्या इंजेक्शनसाठी रात्री-अपरात्री धावणारी माणसे डोळ्यांसमोर आली. इंटरल्यूकिन-६ चा निरोप अडवणारे ते औषध इथेही काही रुग्णांना उपयोगी पडते. पण यजमानांच्या रक्तपेशी कमी होत चालल्या होत्या, म्हणून ॲझासिटिडिन निवडले गेले. दर अठ्ठावीस दिवसांनी सलग सात दिवस कातडीखाली इंजेक्शन. या औषधाचा स्वभाव स्टेरॉइडच्या अगदी उलट आहे. ते लगेच काही दाखवत नाही, आधी रक्तपेशी आणखी खाली नेते आणि गुण यायला चार-सहा फेऱ्या लागू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीनंतर हिमोग्लोबिन ७.१ वर आले, रक्त चढवावे लागले, आणि हे म्हणाले, "अगं, गोळीने तीन दिवसांत भाकरी मागितली होती मी. हे औषध काही लागू पडत नाही." जलद आरामाची एकदा सवय झाली की सावकाश येणाऱ्या गुणावर विश्वास ठेवणे माणसाला किती जड जाते, ते मी तेव्हा पाहिले. त्या तीन महिन्यांत त्यांना धीर देताना मी माझ्या स्वतःच्या शंका वहीतही उतरवल्या नाहीत.

मेच्या अखेरीस, पाचव्या फेरीनंतर, सीआरपी ६ वर आले. १७.५ वरून १५ वर उतरलो तो दिवस मी कोणालाच सांगितला नाही. तीन दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस गेले. रोज सकाळी चहा देताना मी त्यांच्या कानांकडे पाहत होते आणि मी पाहते आहे हे त्यांना कळत होते. १५ जूनच्या पानावर '१२.५, कान स्वच्छ' असे लिहिले आहे. त्याखाली मी दोन रेघा ओढलेल्या आहेत.

त्याच पावसाळ्यात एक प्रसंग घडला, तो सांगणे आवश्यक आहे. यजमानांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दोन दिवस सकाळची गोळी पोटात ठरलीच नाही. दुसऱ्या दुपारी ते उठून बसताना कोसळले. रक्तदाब ८० च्या खाली होता आणि सोडियम उतरलेले होते. स्थानिक दवाखान्यात सलाइन सुरू झाले, परंतु रुग्ण अडीच वर्षे प्रेडनिसोलोन घेतो आहे हे मी दोनदा सांगितल्यावरच हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले आणि मग तासाभरात ते बोलू लागले. थांबलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संकटात लागणारे जादा कॉर्टिसॉल बनवता आले नव्हते. तेव्हापासून त्यांच्या पाकिटात आधारकार्डाशेजारी एक कागद असतो. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत औषधाचे नाव, रोजची मात्रा, आणि उलट्या, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया असल्यास स्टेरॉइड वाढवावे लागते, थांबवू नये, असे डॉक्टरांच्या सहीने लिहिलेले आहे. ही गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करणे किती धोक्याचे असते, ते मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिले.

हा आजार दुर्मिळ मानला जातो. तरीही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात गायसिंगर या आरोग्यसंस्थेच्या १,६३,०९६ व्यक्तींच्या जनुकीय नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतल्या अकरा जणांत यूबीए-१ मधले असे बदल सापडले, आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांत त्याचे प्रमाण ४,२६९ मागे एक असे निघाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा एका राज्यातल्या एका संस्थेचा आहे, तो जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरी मनात येते की आपल्या जिल्ह्यांतही कुठेतरी एखादे आजोबा महिनोन्महिने ब-१२ ची इंजेक्शने घेत असतील, त्यांचा कान पाळी सोडून लाल होत असेल, गोळीने उतरत असेल, गोळी कमी केली की पुन्हा चढत असेल, आणि घरचे पथ्याचा हिशोब मांडत असतील. त्यांच्या घरातल्या कोणीतरी मात्रा आणि तारखा लिहून ठेवाव्यात आणि त्या रक्तविकारतज्ज्ञांना दाखवाव्यात, असे मला कळकळीने वाटते. यूबीए-१ ची तपासणी हातातून घेतलेल्या साध्या रक्तावरही होऊ शकते. फक्त ती मागावी लागते, कारण रक्ताच्या आजारांसाठी केल्या जाणाऱ्या प्रत्येक जनुकीय तपासणीत हे जनुक असतेच असे नाही.

गेल्या आषाढीपासून मात्रा ७.५ मिलिग्रॅमवर आहे. ॲझासिटिडिन चालूच आहे. मणक्यासाठीचे औषध, कॅल्शियम आणि न्यूमोसिस्टिस नावाच्या फुप्फुसाच्या बुरशीपासून बचावाची गोळीही चालू आहे. ५ मिलिग्रॅमच्या आसपास पोचल्यावर सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉल तपासून ग्रंथी जागी होते आहे का ते पाहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे; शरीराची स्वतःची रोजची गरज साधारण तेवढीच असते. एमसीव्ही आता १०१ आहे. वही चौथी सुरू आहे. आजच्या पानावर लिहिले आहे: '७.५. ताप नाही. दोन्ही कान स्वच्छ. दुपारी साखर १६२. दीड किलोमीटर चालले.'